उशाशी जागा कुणाला?

आपल्या मध्यमवर्गीय घरात यंत्र आलं की आधी त्याची जागा ठरते, मग त्याचा वापर सुरू होतो. रेडिओ आला तेव्हा भिंतीवर त्याच्यासाठी खास फळी ठोकली गेली आणि त्याच्यावर क्रोशाचा रुमाल आला. टीव्ही आला तो सरकत्या दारांच्या लाकडी खोक्यातच आला. फ्रिज तर कित्येक घरांत वर्षानुवर्षं बाहेरच्या खोलीत होता, पाहुण्यांना दिसावा म्हणून, आणि वर फुलदाणी. वॉशिंग मशीनसाठी लोकांनी बाल्कन्या बंद करून घेतल्या. पाणी शुद्ध करायच्या यंत्राला ओट्यावरची सगळ्यात मोक्याची भिंत. अगदी परवा परवा आलेल्या वायफायच्या डबीलासुद्धा देवाच्या तसबिरीशेजारी मानाचा खिळा मिळाला.

मग ज्या यंत्रावर रात्रभर माणसाचा श्वास चालतो, त्याला या घरात जागा का मिळत नाही?

मी बोलतेय ते सीपॅपबद्दल. स्लीप अॅप्निया असलेल्या माणसाला रात्री नाकावर मास्क लावून हवा देणारं ते छोटं यंत्र. माझं तर आता ठाम मत झालंय की हे यंत्र "सोसत नाही" म्हणून जे लोक ते बंद करतात, त्यातल्या पुष्कळांना यंत्र सोसत नसतं असं नाही, ते ठेवलेली जागा सोसत नसते. आणि ही जागा कुणीही नीट ठरवत नाही. डॉक्टर नाही, विकणारा नाही, घर सजवणारा तर नाहीच नाही, आणि घरची माणसं तर ते कुठे लपेल एवढंच बघतात. या सगळ्यांशी माझं भांडण आहे, आणि आज ते सविस्तर भांडायचं ठरवलंय. वाचणाऱ्यांनी पाणी घेऊन बसावं.

आधी थोडी ओळख, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. मी ५४ वर्षांची आहे, बँकेत नोकरी करते, आणि मी घोरते. (पुरुषानं हे वाक्य लिहिलं तर लोक हसतात, बाईनं लिहिलं तर शेजारी बघतात.) झोपेत घशातला मऊ भाग ढिला पडून श्वासाची वाट बंद होते, मेंदू दचकून अर्धवट जागा होतो, वाट उघडते, परत झोप, परत बंद. तासात असं किती वेळा होतं ते मोजतात, आणि एकेक थांबा किमान १० सेकंदांचा असेल तरच तो धरतात. १५ ते ३० म्हणजे मध्यम, ३० च्या वर गंभीर. माझा आकडा होता ३४. म्हणजे रात्रभर दर पावणेदोन मिनिटाला मी गुदमरत होते, आणि सकाळी नवरा म्हणायचा, "काय छान झोप लागली होती तुला!" पाळी गेल्यावर बायकांमध्ये हे प्रमाण वाढतं, पण बायकांनी थकवा सांगितला की आधी रक्त तपासतात, मग थायरॉइड, मग "टेन्शन घेता का?" घोरता का, हे फार उशिरा विचारतात. असो, तो वेगळा लेख होईल.

यावरचा इलाज साधा आहे. घशाची वाट हवेच्या दाबानं उघडी ठेवायची. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन या डॉक्टरनं १९८० मध्ये हे पहिल्यांदा केलं आणि १९८१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये पाच रुग्णांवरचे निष्कर्ष छापले. सुरुवातीच्या काळात तो मास्क रोज रात्री रुग्णाच्या नाकावर सिलिकॉननं अक्षरशः चिकटवावा लागायचा. मोटर मोठी, आवाज मोठा. तरी लोकांनी ते घरी नेऊन वापरलं, कारण आयुष्यात पहिल्यांदा त्यांना झोप मिळाली होती. आज तेच यंत्र सव्वा किलोच्या आसपास आहे, आवाज पंख्याहून कमी, आणि तरी आपल्याकडे ते पिशवीतच राहतं. याचं कारण यंत्रात शोधून उपयोग नाही.

आता भांडण क्रमांक एक, विकणाऱ्यांशी.

माझ्याकडे यंत्र द्यायला जो मुलगा आला तो अत्यंत नम्र होता. मास्कची पट्टी कशी लावायची, नळी कशी जोडायची, बटण कुठलं, मोबाइलवर आकडे कसे बघायचे, सगळं त्यानं अर्धा तास समजावलं. मग यंत्र कुठे ठेवायचं म्हणून खोलीत नजर फिरवली, आणि पलंगाच्या डोक्याशी जे हेडबोर्ड असतं ना, त्याच्यावरच्या फळीवर ते ठेवून दिलं. "इथे मस्त बसेल मॅडम." आणि गेला. ही फळी जमिनीपासून ४० इंचांवर. माझी उशी २४ इंचांवर.

ज्यांना यंत्र माहीत आहे त्यांना पुढचं कळलं असेल. या यंत्राला पाण्याची एक छोटी टाकी असते. हवा कोरडी लागू नये म्हणून ते पाणी गरम होऊन तिची वाफ हवेत मिसळते. ही कोमट दमट हवा सहा फुटी नळीतून येते, आणि खोली गार असली, एसी चालू असला, की वाटेत नळीच्या आतल्या बाजूला पाणी जमतं. ताकाच्या गार ग्लासला बाहेरून घाम येतो, तसंच, फक्त इथे आतून. यंत्र उशीच्या खाली असेल तर हे थेंब ओघळून परत टाकीकडे जातात. यंत्र उशीच्या वर असेल तर कुठे जातील? सरळ नाकात. तिसऱ्या रात्री तीन वाजता माझ्या नाकात पाणी गेलं आणि मी बुडत असल्यासारखी ओरडत उठले. नवरा घाबरून उठला, त्याचा हात नळीत अडकला, यंत्र फळीवरून गादीवर आलं आणि टाकीतलं पाणी उशीवर.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या ऑफिसला फोन केला तर उत्तर काय मिळालं? "सुरुवातीला त्रास होतो मॅडम, सवय होईल." अहो, नाकात पाणी जायची सवय कुणाला होते? यंत्राबरोबर जे माहितीपुस्तक असतं त्यात स्वच्छ लिहिलेलं असतं की ते झोपणाऱ्याच्या डोक्याच्या पातळीखाली, सपाट जागेवर ठेवा. पन्नास हजारांच्या आसपासची वस्तू घरात आणून देणाऱ्या माणसाला त्यातलं हे एक वाक्य माहीत नसावं? गॅसची शेगडी बसवायला येणारा माणूस ओट्याची उंची बघतो, नळी मापतो, खिडकी कुठे आहे विचारतो. गीझर बसवणारा भिंत ठोकून बघतो. आणि इथे? "मस्त बसेल."

डॉक्टरांनाही यातून सोडणार नाही. झोपेची तपासणी करताना मला गळ्याचा घेर विचारला, वजन विचारलं, दुपारी डुलकी लागते का, गाडी चालवताना डोळे मिटतात का, सगळं विचारलं. योग्यच आहे. पण पलंगाच्या कुठल्या बाजूला झोपता? त्या बाजूला भिंत आहे का? प्लगचा बोर्ड कुठे आहे? हे तीन प्रश्न कुणीही विचारले नाहीत, आणि यंत्र वापरलं जाणार की नाही याचा निकाल यातच लागतो.

आता आपल्या घरांकडे या. (भांडण क्रमांक दोन. हे जरा लांबेल.)

आपली झोपायची खोली कशी असते? दहा बाय दहा, फार तर दहा बाय बारा. मधोमध डबल बेड, त्याच्या पोटात सामान. एक बाजू बहुतेक वेळा भिंतीला चिकटलेली, नाहीतर कपाटाचं दार उघडत नाही. दुसऱ्या बाजूला एक साइड टेबल, सेटमध्ये आलेलं, दोन ड्रॉवरचं, २४ इंच उंच. का २४? कारण हेडबोर्डच्या डिझाइनला ते शोभतं. गादीची उंची २०, टेबलाची २४, त्याच्यावर यंत्राचे आणखी पाच इंच. म्हणजे टाकी परत नाकाच्या वर. बरं, टेबल रिकामं तरी असावं? त्याच्यावर दिवा, घड्याळ, पाण्याची बाटली, नवऱ्याचा चष्मा, बीपीच्या गोळ्या, दोन मोबाइल, आणि कुठल्यातरी वाढदिवसाला आलेला काचेचा हत्ती.

आणि प्लग! पलंगापाशी बोर्ड असतो एकच. त्यात दोन पिना. एकात मोबाइल, दुसऱ्यात डास मारायचं लिक्विड. नवीन घर असेल तर बोर्ड बरोब्बर हेडबोर्डच्या मागे गेलेला असतो, कारण वायरिंग करणाऱ्यानं पलंग बघितलेला नसतो आणि पलंग करणाऱ्यानं वायरिंग. मग एक्स्टेन्शनची वायर आली, ती पलंगाखालून गेली, सकाळी फरशी पुसताना झाडूनं ओढली गेली, आणि रात्री यंत्राचं बटण दाबलं तर ढिम्म. अकरा वाजता, झोपेनं डोळे मिटत असताना, कोण पलंगाखाली घुसून पीन शोधणार? "जाऊ दे, आजच्या दिवस राहू दे." हे "आजच्या दिवस" महिन्यातून किती वेळा होतं ते यंत्रातल्या कार्डावर नोंदलेलं असतं. माणूस डॉक्टरला "रोज लावतो" सांगेल, कार्ड खोटं बोलत नाही.

डासांच्या लिक्विडवरून आठवलं. हे यंत्र हवा तयार करत नाही. ते खोलीतलीच हवा ओढतं, फिल्टरमधून गाळतं आणि नाकात सोडतं. फिल्टर धूळ अडवतो, वास आणि वाफ अडवत नाही. त्या डासांच्या यंत्राच्या शेजारच्याच पिनेत हे लावलं आणि तिथेच ठेवलं, तर रात्रभर काय ओढलं जाणार? तीच गोष्ट उदबत्तीची, कापराची, कॉइलची. तीच पडद्याची. यंत्राची हवा घ्यायची जाळी मागे किंवा बाजूला असते. तिच्यावर पडदा आला, चादर लोंबली, की यंत्राचाच श्वास कोंडतो. म्हणून ते बंद ड्रॉवरमध्ये ठेवून चालत नाही, म्हणून जमिनीवर ठेवून चालत नाही (आपल्याकडची धूळ, रोजचा केर आणि ओलं फडकं, तिन्ही तिथेच), आणि म्हणून ते पलंगावर उशीशेजारी ठेवूनही चालत नाही.

तर मी काय केलं? फर्निचरवाल्याकडे गेले. म्हणजे आधी आमच्या ओळखीच्या एका इंटिरियरवाल्याकडे गेले. त्याला सगळं समजावून सांगितलं. उंची, हवा, वायर, पाणी. तो फार समजूतदारपणे मान हलवत होता. आठवड्यानं त्यानं कॉम्प्युटरवर काढलेलं सुरेख चित्र पाठवलं. त्यात यंत्र दिसतच नव्हतं! त्यानं पलंगाच्या बाजूला एक बंद खण काढला होता, दाबलं की उघडणारा, आतून मखमल लावलेला. "कुणाला कळणारसुद्धा नाही काकू!" मी म्हटलं, अरे बाबा, कुणाला कळू नये हे मी कधी सांगितलं? मला ते रात्री अंधारात हाताला लागायला हवंय. तो म्हणाला, "पण खोलीचा लुक..."

खोलीचा लुक कुणासाठी, हा माझा प्रश्न आहे. दारात उभं राहून खोलीकडे बघणारा माणूस दिवसातून दोन मिनिटं तिथे असतो. झोपणारा माणूस सात-आठ तास असतो. आपल्या झोपायच्या खोल्या उभ्या माणसासाठी सजवलेल्या असतात, आडव्या माणसाचा त्यात विचारच नसतो. माझ्या आजीची खाट होती, साधी नवाराची. तिच्या उशाशी एक तिवई, त्यावर तांब्या-भांडं, अमृतांजनची बाटली, बॅटरी, आणि जपमाळ. डोळे मिटून हात टाकला की हवी ती वस्तू हाताला लागायची. कुठल्या डिझायनरनं मांडलं होतं ते? जुन्या घरांना कोनाडे होते, दिव्याचा वेगळा, पाण्याचा वेगळा, हात पोचेल त्या उंचीवर. कुणी म्हणेल, काय हे जुनं उगाळतेय. पण उगाळण्यासारखंच आहे, कारण सनमायका आला आणि आपण ते सगळं गुळगुळीत करून टाकलं.

शेवटी आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर जे सुतार बसतात त्यांना बोलावलं. त्यांनी फक्त तीन प्रश्न विचारले. उंची किती, वजन किती, वायर कुठून. चार दिवसांत स्टूल करून आणलं. उंची १४ इंच, वरची फळी १२ बाय १६. फळीला तिन्ही बाजूंनी अर्ध्या इंचाची पट्टी, म्हणजे रात्री कूस बदलताना नळी ओढली गेली तरी यंत्र घसरून पडत नाही. मागची बाजू मोकळी, हवेसाठी आणि वायरीसाठी. खाली एक कप्पा, त्यात डिस्टिल्ड वॉटरची बाटली आणि मास्क पुसायचं फडकं. सगळे मिळून १,४०० रुपये झाले. जाताना विचारतात, "ताई, सेट-टॉप बॉक्सचं आहे का?" मी सांगितलं, श्वासाचं आहे. त्यांना ते विनोद वाटलं की खरं, कळलं नाही. हेडबोर्डच्या वर भिंतीत एक हूक लावला, नळी त्यावरून खाली येते, त्यामुळे कुठल्याही कुशीवर वळलं तरी गळ्याभोवती येत नाही. इलेक्ट्रिशियनकडून बोर्ड स्टुलाच्या बाजूला ओढून घेतला आणि त्या बोर्डाला इन्व्हर्टरची लाइन दिली. डासांचं लिक्विड खोलीच्या दुसऱ्या टोकाला हद्दपार केलं. काचेचा हत्ती शोकेसमध्ये गेला, तिथे तो सुखी आहे.

एक बाजू भिंतीला चिकटलेली आहे आणि स्टुलाला जागाच नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी: गादीच्या पातळीखाली भिंतीत दोन ब्रॅकेट आणि त्यावर फूटभर फळी, पलंग तेवढाच पुढे ओढा. नऊ-दहा इंच. कपाटाचं दार अडत असेल तर दार काढून पडदा लावा. कपड्यांना श्वास घ्यायचा नसतो.

आता तिसरं भांडण. हे लिहायला सगळ्यात जड आहे, कारण ते आपल्याच माणसांशी आहे.

मुलीचं स्थळ बघत होतो तेव्हाची गोष्ट, २०२१ मधली. मुलाकडचे घरी यायचे होते. आदल्या दिवशी घरातल्या एक वडीलधाऱ्या बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अगं, ते तुझं मशीन दोन तास कपाटात ठेव. हॉस्पिटलसारखं दिसतं. आणि मुलीच्या आईला असं काही आहे म्हटल्यावर लोक काय काय विचार करतात." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांनी आयुष्यभर जे झाकलं, तेच मला शिकवत होत्या. मी ठेवलं नाही. पाहुणे आले, घर बघितलं, पोहे खाल्ले, गेले. लग्न जमलं. यंत्राकडे त्यांचं लक्ष गेलं होतं की नाही, मला आजतागायत माहीत नाही.

"हॉस्पिटलसारखं दिसतं" या वाक्यावर मात्र मी पुष्कळ विचार केला. चांगल्या हॉस्पिटलमध्ये प्रत्येक कॉटशेजारी एक छोटं कपाट असतं, झोपलेल्याचा हात पोचेल असं. बोर्ड हाताशी असतो. घंटी हाताशी असते. कारण तिथे मांडणी झोपलेल्या माणसासाठी केलेली असते. ही शिवी कशी झाली?

पण लाज ही अशी वादावादीनं जात नाही, हेही खरं आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये बप्पी लाहिरी मुंबईत गेले. त्यांच्या डॉक्टरांनी कारण म्हणून ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अॅप्नियाचं नाव घेतलं. मला वाटलं, आता तरी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणी विचारेल की हे असतं काय. चार दिवस चर्चा झाली ती त्यांच्या सोन्याच्या साखळ्यांची. जून २०२३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जो बायडन यांच्या गालांवर पट्ट्यांचे वळ दिसले, पत्रकारांनी विचारलं, आणि ते सीपॅप वापरतात असं व्हाइट हाउसनं सरळ सांगून टाकलं. माझ्या गालावरही रोज सकाळी तसेच वळ असतात. बँकेत कुणी विचारलं की मी सांगते, अध्यक्षांना होते तेच.

लपवण्यातला खरा धोका दिखाव्याचा नाहीये. लपवलेलं यंत्र रोज काढावं लागतं. कपाट उघडा, पिशवी काढा, यंत्र ठेवा, वायर लावा, नळी जोडा, टाकी भरा, मास्क लावा. सकाळी हेच सगळं उलट. एखाद्या लग्नाहून रात्री साडेबाराला घरी आलेला माणूस हे करेल? मुळीच नाही. मांडून ठेवलेलं यंत्र असेल तर मास्क चढवायला अर्धं मिनिट लागतं, तेवढं तो झोपेतही करेल.

माझ्या मोठ्या दिरांना २०२१ च्या शेवटी हेच निदान झालं. आकडा माझ्यापेक्षा बराच वर होता. यंत्र घेतलं. तीन-चार रात्री लावलं, खुर्चीवर ठेवून. खुर्ची दिवसा लागायची, मग यंत्र टेबलावर, टेबलावरून कपाटावर. त्यांचं घर नुकतंच नवीन करून घेतलेलं, पांढरं शुभ्र फर्निचर, पलंगाशेजारी काही नको म्हणून साइड टेबलसुद्धा भिंतीत बसवलेलं, वीतभर. मी दोनदा म्हटलं, भाऊजी, माझ्या सुताराला पाठवते. ते हसून म्हणाले, "अगं, सवय झाली की बघू." पुढच्या पावसाळ्यात एका पहाटे झोपेतच गेले. हृदय बंद पडलं. यंत्र लावलं असतं तर वाचले असते असं मी म्हणणार नाही, मी डॉक्टर नाही, आणि साखर-बीपी दोन्ही होतं. दहाव्याला गावाकडचे लोक मुक्कामाला आले, म्हणून गाद्या-रजया काढायला आम्ही तो पलंगाचा बॉक्स उघडला. हायड्रॉलिकचं झाकण, एका बोटानं वर जातं. रजयांच्या खाली यंत्राची काळी पिशवी होती. मास्कच्या जादा उशा प्लॅस्टिकसकट. टाकी कोरडी.

म्हणजे जवळजवळ सहा महिने ते त्या यंत्राच्या वरच झोपत होते. मध्ये एक प्लायवूड आणि एक गादी.

जाऊबाईंनी ती पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "तुला उपयोगी पडेल." त्यांचा दोष नाही. भाऊजींचाही मी म्हणणार नाही. त्या घरात ते यंत्र ठेवायला एक चौरस फूट जागा नव्हती, आणि ती नाही ही गोष्ट कुणाला अडचण वाटली नव्हती. विकणाऱ्यानं पैसे घेतले, फर्निचरवाल्यानं फोटो काढून आपल्या जाहिरातीत टाकले. त्या फोटोत पलंग अजूनही फार सुंदर दिसतो.

म्हणून कुणी मला विचारलं की "आमच्या बाबांना सीपॅप सांगितलंय, कुठलं घेऊ?" तर मी कंपनीचं नाव सांगत नाही. मी विचारते, बाबा कुठल्या कुशीवर झोपतात? पलंगाची उंची गादीसकट मोजलीत? बोर्ड हाताशी आहे? लोकांना राग येतो. एक जण म्हणाला, "काकू, यंत्राचं विचारतोय, फर्निचरचं नाही." त्याला म्हटलं, आधी स्टूल कर, मग यंत्र घे. स्टूल तरी कामाला येईल. (हे जरा तिखट झालं, पण त्यानं पुढच्या आठवड्यात मापं पाठवली.)

येत्या दिवाळीत व्याही-विहीण आमच्याकडे चार दिवस राहायला येणार आहेत. आमची खोली त्यांना द्यायची, आम्ही दोघं हॉलमध्ये दिवाणावर. नवऱ्यानं कालच हळूच विचारलं, "मग तुझं ते...?" माझं ते माझ्याबरोबर हॉलमध्ये येणार, स्टुलासकट. दिवाणाची उंची मोजली, साडेसतरा इंच, जमतंय. बोर्ड मात्र टीव्हीच्या मागे आहे. इलेक्ट्रिशियन रविवारी येतो म्हणालाय.